जमिनीचा निवाडा कोणी करायचा?



आदिवासी कुटुंबाच्या गेलेल्या जमिनीचा विषय निघाला की पुष्कळ जण विचारतात, "मग कोर्टात का जात नाहीत?" याचे उत्तर आपल्या विधिमंडळाच्या एका कायद्यात आहे.

१ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या शेतजमिनी मूळ आदिवासी मालकाला परत मिळाव्यात, यासाठी महाराष्ट्राने १९७४ चा कायदा केला. तो १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. हे निवाडे दिवाणी न्यायालयाकडून काढून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले गेले. त्यावर अपील महसूल न्यायाधिकरणाकडे. वकिलांनाही तेथे उभे राहता येत नाही.

हेतू चांगला होता. दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो आणि ज्याच्याजवळ पैसा, त्याच्याजवळ मोठा वकील. सर्वोच्च न्यायालयाने ४ डिसेंबर १९८४ रोजी लिंगप्पा पोचन्ना खटल्यात हा कायदा वैध ठरवला.

पण याला दुसरी बाजू आहे. राज्यघटनेच्या कलम २३५ प्रमाणे जिल्हा व तालुका न्यायालयांवर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. महसूल अधिकाऱ्याची बदली मात्र सरकार करते. म्हणजे विधिमंडळ न्यायाधीशाला हात न लावताही, प्रश्न त्याच्यासमोरून उचलून सरकारी अधिकाऱ्यापुढे ठेवू शकते. आज हे गरिबाच्या भल्यासाठी झाले. उद्या दुसऱ्या कोणाच्या सोयीसाठीही होऊ शकते.

म्हणून घटनेने काही कुंपणे घातली आहेत. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे पगार राज्याच्या संचित निधीवर भारित असतात, त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. कलम २११ प्रमाणे त्यांच्या न्यायदानातील वर्तनावर विधिमंडळात चर्चा करता येत नाही. आणि १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कलम २२६ व २२७ खालील उच्च न्यायालयाचा अधिकार कोणताही कायदा काढून घेऊ शकत नाही.

जुन्नर, आंबेगावच्या वाड्यांवर काम करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: महसूल कार्यालयात अर्ज फेटाळला म्हणजे सारे संपले, असे नाही. निकालाची नक्कल, सातबारा, फेरफार आणि जातीचा दाखला जपून ठेवा. अपिलाची मुदत चुकवू नका. न्यायाधिकरणानंतरही उच्च न्यायालयाचे दार उघडे असते, आणि तेथे वकीलही उभा राहू शकतो.