पारपत्र व प्रवेशपत्र

पारपत्र व प्रवेशपत्र : परदेशप्रवासास लागणारी दोन मूलभूत अधिकारपत्रे. पारपत्र (पासपोर्ट) प्रवाशाचे स्वतःचे राज्य देते. त्याने धारकाची ओळख व नागरिकत्व प्रमाणित होते. प्रवेशपत्र (व्हिसा) ज्या देशात जावयाचे तो देश देतो. पहिल्यामागे कायद्याने संरक्षिलेला हक्क असतो, तर दुसरे यजमान देशाच्या अनुज्ञेवर अवलंबून असते. सुटीच्या चार-आठ दिवसांच्या सहलीसही हा भेद लागू पडतो.

इतिहास : पहिल्या महायुद्धापूर्वी बहुतेक देशांत पारपत्राची सक्ती नव्हती. युद्धकाळात ती आली व पुढे कायम झाली. १९१८ मध्ये स्वराज्याच्या मागणीसाठी इंग्लंडला निघालेल्या लोकमान्य टिळकांच्या शिष्टमंडळाची पारपत्रे कोलंबो येथे रद्द करण्यात आली व त्यास परतावे लागले. त्याच वर्षी चिरोल खटल्यासाठी मात्र टिळकांना इंग्लंडला जाऊ देण्यात आले. पारपत्र देणे वा नाकारणे हे स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ शासनाच्या मर्जीवर होते. सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९६७ मध्ये परदेशगमनाचा हक्क संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर त्याच वर्षी पारपत्र अधिनियम संमत झाला. मनेका गांधी खटल्यातील १९७८ च्या निर्णयाने हे संरक्षण अधिक व्यापक झाले.

पारपत्र : भारतात सर्वसाधारण (निळे), शासकीय (पांढरे) व राजनैतिक (गडद तांबडे) असे तीन प्रमुख प्रकार आहेत. प्रौढांच्या सर्वसाधारण पारपत्राची मुदत दहा वर्षे, तर अल्पवयीनांची पाच वर्षे किंवा वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी असेल ते. पारपत्रपुस्तिका नाशिक येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापल्या जातात. धारकाची माहिती चकतीत साठविणारी इलेक्ट्रॉनिक पारपत्रे २०२४ पासून टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. अर्ज संगणकाद्वारे भरून मूळ कागदपत्रांसह सेवा केंद्रात उपस्थित राहावे लागते. २०१७ पासून निवडक टपाल कार्यालयांतही अशी केंद्रे उघडण्यात आली आहेत. पुढे सामान्यतः स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत चौकशी होते.

नोंदींतील विसंगती : अर्ज रखडण्याचे एक प्रमुख कारण कागदांचा अभाव नसून त्यांतील परस्परविरोध हे असते. रायगड जिल्ह्यातील तळा या तालुक्याच्या गावाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गावाचे नाव ‘तळा’ व ‘तळे’ असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. रोमन लिपीत ‘ळ’ नाही. जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा असल्याने त्यापूर्वीच्या जन्मदाखल्यांवर तेच आढळते. मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असे तीन घटक असतात. पारपत्रात मात्र नाव व आडनाव असे दोनच रकाने असतात. विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलले व शाळेचा दाखला जुन्या नावाचा राहिला, की अडचण वाढते. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये, पारपत्रावर एकच नाव असलेल्या पर्यटकांच्या प्रवेशावर निर्बंध घातले. म्हणून विमानाचे तिकीट पारपत्रातील अक्षरांबरहुकूम काढावे व जुन्या नोंदी प्रवास ठरविण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्याव्यात. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य आहे. त्यामुळे ग्रामपंचायतीतील जन्मनोंदीस विशेष महत्त्व आले आहे.

प्रवेशपत्र : नेपाळ व भूतान या देशांसाठी भारतीयांस प्रवेशपत्र लागत नाही. तेथे पारपत्राऐवजी निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्रही चालते. मालदीवमध्ये पोहोचल्यावर तीस दिवसांची अनुज्ञा मिळते. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसमध्येही पर्यटकास आगाऊ प्रवेशपत्र घ्यावे लागत नाही. शेंगेन करारातील यूरोपीय देशांच्या प्रवेशपत्रावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत व किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. पारपत्र परतीनंतर तीन महिने वैध असावे, त्यात दोन कोरी पाने असावीत व ३०,००० यूरोंचा वैद्यकीय विमा असावा, अशा अटी आहेत. इतर अनेक देश सहा महिन्यांची वैधता मागतात.

प्रवासी परत जाईल किंवा नाही, हा परीक्षणाचा गाभा होय. अमेरिकेच्या कायद्यात तर प्रत्येक पर्यटक अर्जदार स्थायिक होण्यासाठीच येत आहे असे गृहीत धरून, तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकलेला आहे. रजेचा मंजुरी आदेश, बँकेचे खातेउतारे, आयकर विवरणपत्र, परतीचे तिकीट व निवासाची नोंद यांचा उपयोग येथे होतो. शेतकऱ्यास सातबारा उतारा जोडता येतो. परंतु तो मराठीत असल्याने त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे. खोटा कागद जोडल्यास अर्ज फेटाळला जातोच, शिवाय पुढील प्रवासावरही बंदी येऊ शकते.

अन्य कागदपत्रे : आफ्रिकेतील पीतज्वराच्या प्रदेशात जाणाऱ्यांस लसीकरणाचे प्रमाणपत्र लागते. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होते. २०१६ पासून त्याची वैधता आजीवन मानली जाते. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात व डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. काही देशांत आपल्याकडील साधी औषधेही निषिद्ध आहेत.

पर्यटन आणि नोकरी : कोकण किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांचा आखाती देशांशी रोजगाराचा जुना संबंध आहे. तेथील आप्तांना भेटण्यासाठी पर्यटक प्रवेशपत्र पुरते. मात्र त्यावर नोकरी करता येत नाही. ‘आधी पर्यटक म्हणून चला, पुढे काम मिळवून देऊ’ असे सांगणाऱ्या दलालाच्या भरवशावर गेलेला मनुष्य उत्प्रवासन अधिनियम, १९८३ च्या संरक्षणास मुकतो. वेतन बुडाले वा पारपत्र काढून घेतले गेले, तरी तक्रारीस त्याच्याजवळ करारपत्र नसते.

प्रवेशपत्र हाती असणे म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. अंतिम निर्णय विमानतळावरील अधिकाऱ्याचा असतो. नियम वारंवार बदलत असल्याने पैसे भरण्यापूर्वी संबंधित देशाच्या वकिलातीकडून अद्ययावत माहिती घेणे इष्ट होय.