बेसबॉल-स्वाक्षरीसंग्रह
बेसबॉल-स्वाक्षरीसंग्रह : बेसबॉलपटूंनी स्वहस्ते सह्या केलेले चेंडू, बॅटी, छायाचित्रे, गणवेश इ. वस्तू मिळविणे, पारखणे व जतन करणे हा छंद. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो विशेष रूढ आहे. एकाच हंगामातील एका संघाच्या बहुतेक सर्व खेळाडूंनी सह्या केलेला ‘संघ-चेंडू’ हा या संग्रहाचा महत्त्वाचा प्रकार होय. एखाद्या खेळाडूची स्वाक्षरी त्याच्या हयातीत केव्हाही मिळू शकते. परंतु संपूर्ण संघ एकत्र असण्याचा काळ काही महिन्यांचाच असतो. त्यामुळे संघ-चेंडू ही केवळ स्मरणवस्तू न राहता एक लहानसा ऐतिहासिक दस्तऐवज ठरते आणि तिचे सारे मोल तिच्या खरेपणावर अवलंबून असते. न्यूयॉर्क यांकीज संघाचे १९२७ मधील चेंडू हे याचे ठळक उदाहरण आहे.

संघ : १९२७ च्या हंगामात यांकीज संघाने ११० सामने जिंकले व ४४ गमावले. त्याच वर्षी ५ ते ८ ऑक्टोबर या काळात झालेल्या ‘वर्ल्ड सीरीज’ या अंतिम मालिकेत त्याने पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा ४–० असा पराभव केला. जॉर्ज हर्मन ऊर्फ ‘बेब’ रूथ (१८९५–१९४८) याने त्या हंगामात ६०, तर लू गेरिग (१९०३–४१) याने ४७ ‘होमरन’ काढले. अर्ल कोम्ब्ज, टोनी लाझेरी, बॉब म्यूझल, मार्क केनिग, जो डुगन हे फलंदाज आणि वेट हॉइट, हर्ब पेनॉक, अर्बन शॉकर, विल्सी मूर हे पिचर या संघात होते. मिलर हगिन्झ हा व्यवस्थापक होता. बेसबॉलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ संघांत याची गणना केली जाते.

स्वाक्षऱ्यांचे स्वरूप : त्या काळी चेंडूवरील सह्या हा मुख्यतः भेटीचा विषय होता. १९२६ च्या वर्ल्ड सीरीजच्या वेळी न्यू जर्सीतील एका आजारी मुलासाठी यांकीज व सेंट लुइस कार्डिनल्स या दोन्ही संघांनी सह्या केलेले चेंडू पाठविले होते. चेंडूवरील शिवणीच्या दोन ओळी जेथे परस्परांच्या सर्वांत जवळ येतात, ती जागा प्रमुख खेळाडूसाठी किंवा व्यवस्थापकासाठी राखून ठेवण्याची प्रथा आहे. रूथने आयुष्यभर मुक्तहस्ताने सह्या केल्या. म्हणून त्याची सही दुर्मिळ नाही, तिची किंमत मागणीमुळे वाढली आहे. याउलट शॉकर १९२८ मध्ये व हगिन्झ १९२९ मध्ये मरण पावल्याने त्यांच्या सह्या तुलनेने विरळा आढळतात. सामान्य प्रेक्षकाला फारशी परिचित नसलेली सहीच अनेकदा संपूर्ण चेंडूचे मूल्य ठरविते, ते यामुळेच.

पारख : संघ-चेंडूची परीक्षा केवळ अक्षरांच्या वळणावरून होत नाही, चेंडू, शाई व नावे या तिन्हींचा काळ एकमेकांशी जुळावा लागतो. अमेरिकन लीगचे अधिकृत चेंडू त्या काळी ‘रीच’ या नावाने निघत व त्यांवर लीगच्या अध्यक्षाची सही छापलेली असे. बॅन जॉन्सन याने १९२७ मध्ये अध्यक्षपद सोडले. त्याच्यानंतर आलेल्या अर्नेस्ट बार्नार्ड याची छापील सही असलेल्या चेंडूवर १९२७ च्या हंगामात सह्या होणे शक्य नाही. चेंडूचे आवरण १९७४ पर्यंत घोड्याच्या कातड्याचे असे. त्यानंतर गाईचे कातडे वापरात आले. शिवणीचा दोराही प्रमाण ठरतो : अमेरिकन लीगच्या चेंडूची शिवण १९३४ च्या सुमारापर्यंत निळ्या व तांबड्या अशा दुरंगी दोऱ्याची असे. बॉलपेन अमेरिकेत ऑक्टोबर १९४५ मध्ये विक्रीस आले. त्यामुळे १९४१ मध्ये दिवंगत झालेल्या गेरिगची बॉलपेनने केलेली सही उघडच बनावट ठरते. नावांची यादीही तितकीच बोलकी असते. बिल डिकी हा ऑगस्ट १९२८ मध्ये संघात आला. त्याची सही असलेला चेंडू १९२७ चा मानता येत नाही, मग बाकीच्या सह्या खऱ्या का असेनात. पुढील काळात एखादी सही मागाहून मिळविलेली असल्यास तेही नमूद करावे लागते.

बनावट सह्या : सर्वच खोट्या सह्यांमागे फसवणुकीचा हेतू नव्हता. मागणी मोठी असल्याने संघाचे सेवक, प्रशिक्षक वा सहकारी खेळाडू प्रसिद्ध खेळाडूंच्या नावाने सह्या करीत. असे चेंडू त्याच काळातील व त्याच शाईचे असल्याने ते ओळखणे सर्वांत कठीण जाते. संग्रहाला व्यापाराचे रूप आल्यावर मात्र हेतुपुरस्सर बनावट वाढली. १९९० नंतरच्या दशकात एफ्.बी.आय. या केंद्रीय तपासयंत्रणेने ‘ऑपरेशन बुलपेन’ ही मोहीम हाती घेऊन बनावट स्वाक्षऱ्यांची मोठी साखळी उघडकीस आणली. जप्त केलेल्या मालात मदर तेरेसा यांच्या नावाने सही केलेले बेसबॉलही होते, यावरून ग्राहकांच्या भाबडेपणाची व विक्रेत्यांच्या धाडसाची कल्पना येते. मेजर लीग बेसबॉलने २००१ पासून साक्षीदारासमक्ष नोंद करून वस्तूवर होलोग्राम लावण्याची पद्धत सुरू केली. ही पद्धत नव्या वस्तूंना उपयोगी पडते. १९२७ च्या चेंडूला असा साक्षीदार उपलब्ध नाही.

जतन : पूर्वी चेंडूवर लाखेचे रोगण चढविण्याची चाल होती. त्यामुळे सह्या टिकल्या, तरी कालांतराने चेंडू पिवळा-तपकिरी पडतो. उजेडाने, विशेषतः जंबुपार किरणांनी, शाई उडते. ओलाव्याने ती कातड्यात पसरते. म्हणून चेंडू अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवणे आणि तो उघड्या हाताने न हाताळणे इष्ट असते. फिकट झालेली सही पुन्हा गिरविल्यास तिचे प्रामाण्य नाहीसे होते.

महत्त्व : १९२७ च्या संघातील अखेरचा हयात खेळाडू मार्क केनिग १९९३ मध्ये निधन पावला. तेव्हापासून या संघाच्या खऱ्या स्वाक्षऱ्यांत नवी भर पडणे थांबले. भर पडू शकते ती केवळ खोट्यांची. किंमत वाढल्याने जुने चेंडू माळ्यावरील अडगळीतून बाहेर येऊन जपले गेले. त्याच किंमतीने बनावटीलाही उत्तेजन दिले. त्यामुळे चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला याची सलग, लेखी नोंद ही आज सहीइतकीच मोलाची मानली जाते. अशी नोंद नसलेला अस्सल चेंडूही संशयातून सहसा मुक्त होत नाही.