दारू पिऊन गाडी ठोकली तर केस ड्रंक ड्राइव्हची होते की रॅश ड्रायव्हिंगची?

बेळगाव-वेंगुर्ला रस्ता कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातून जातो. इथूनच तिलारी घाट उतरला की दोडामार्ग आणि पुढं गोवा. त्यामुळं गोव्याला जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचा हा नेहमीचा रस्ता.

आता समजा, गोव्याहून परतणारी एक कार घाटातल्या वळणावर दुचाकीला धडकली. कार चालवणाऱ्याच्या तोंडाला दारूचा वास येतोय. गावात चर्चा होते, ‘ड्रंक ड्राइव्हची केस आहे.’ पण एफआयआरमध्ये तीन-चार कलमं असतात. एकाच अपघाताला इतकी कलमं कशी?

कारण कायदा इथं वेगवेगळे प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : रक्तात दारू किती होती?

हे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा झाला. गाडी हळू चालवत होतो, कुणाला खरचटलंही नाही, हा बचाव चालत नाही. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

दुसरा प्रश्न : गाडी चालवली कशी?

हे भारतीय न्याय संहितेचं कलम २८१. रस्त्यावर बेदरकारपणे गाडी चालवली तर ६ महिन्यांपर्यंत कैद, १ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथं दारूची अट नाही. थेंबही न घेतलेल्या माणसावर हे कलम लागू शकतं. कुणी जखमी झालं तर कलम १२५ येतं. जीव गेला तर कलम १०६, ज्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

मग दोन्ही एकत्र लागतात का?

लागतात. मोटार वाहन कायदा आणि फौजदारी कायदा, दोन्हींखाली खटला चालू शकतो, हे सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. मात्र एकाच गुन्ह्याची शिक्षा दोनदा देता येत नाही. खरा ओव्हरलॅप आहे तो न्याय संहितेचं कलम २८१ आणि मोटार वाहन कायद्यातलं धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४ यांच्यात. कलम १८५ हा स्वतंत्र गुन्हा आहे.

याचा परिणाम पुराव्यावर होतो. कलम १८५ खाली अटक केली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर आरोपीला सोडावं लागतं. ब्रेथ ॲनालायझर किंवा रक्ताचा रिपोर्ट नसेल तर १८५ टिकणं अवघड. पण म्हणून ड्रायव्हर सुटला असं होत नाही. टायरच्या खुणा, साक्षीदार, सीसीटीव्ही यांच्या जोरावर बेदरकारपणाची कलमं उभी राहतात. उलट बाजूनं, नुसता दारूचा रिपोर्ट दाखवून बेदरकारपणा सिद्ध होत नाही.

तिसरा प्रश्न : ड्रायव्हरला काय माहीत होतं?

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक कार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. ७ जणांचा जीव गेला, ८ जण जखमी झाले. चालक ॲलिस्टर परेरा याच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल सापडलं, म्हणजे मर्यादेच्या जवळपास चौपट.

सेशन्स कोर्टानं याला निष्काळजीपणा मानलं आणि ६ महिन्यांची शिक्षा दिली. हायकोर्टानं मात्र सदोष मनुष्यवधाचं कलम लावून ३ वर्षांची शिक्षा सुनावली. १२ जानेवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टानं ती कायम ठेवली. दारू पिऊन, बेफाम वेगात अशी गाडी चालवली तर माणसं मरू शकतात, हे चालवणाऱ्याला कळत असतं, असा या निकालाचा अर्थ.

म्हणजे दारू आणि बेदरकारपणा एकत्र आले की केस थेट वरच्या पायरीवर जाऊ शकते. ते कलम आता न्याय संहितेत १०५ आहे. अशा केसमध्ये १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. निष्काळजीपणानं मृत्यूचं कलम १०६(१) मात्र जामीनपात्र आहे.

म्हणूनच रक्ताचा नमुना इतका महत्त्वाचा. मे २०२४ च्या पुण्यातल्या पोर्शे प्रकरणात नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली होती.

अपघातात घरचं माणूस गेलं असेल तर एफआयआरची प्रत घ्या. तक्रारदाराला ती मोफत मिळते. त्यात १०६ लागलंय की १०५, आणि ड्रायव्हरचा रक्ताचा नमुना कधी घेतला, या दोन गोष्टी आधी विचारा. केस कुठल्या दिशेनं चाललीय, ते यावरून लगेच कळतं.