केकवरची लाल ‘चेरी’ अनेकदा करवंदच असते, मग डोंगरातलं करवंद स्वस्तात का जातं?

पेस्ट्रीवर किंवा गोड पानावर टूथपिकला टोचलेली लालभडक चेरी तुम्ही नक्कीच खाल्ली असेल. पण आपल्याकडे स्वस्तात मिळणारी ही चेरी अनेकदा चेरी नसतेच, ती असते करवंद! कच्ची, कडक करवंदं घ्यायची, बिया काढायच्या, साखरेच्या पाकात मुरवायची आणि खाण्याचा लाल रंग द्यायचा. झाली चेरी तयार.

हेच फळ अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात डोंगरभर आपोआप पिकतं. पण तिथे त्याचे फार पैसे होत नाहीत. असं का?

करवंद म्हणजे नेमकं काय?

करवंद हे कण्हेर आणि सदाफुलीच्या कुळातलं काटेरी झुडूप. म्हणूनच कच्चं फळ तोडलं की पांढरा चीक येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला पांढरी, सुवासिक फुलं येतात. फळ आधी हिरवं, मग लालसर आणि एप्रिल-मेमध्ये पिकून काळंभोर होतं. ‘डोंगरची काळी मैना’ हे नाव त्यावरूनच पडलं. पिकलेलं करवंद चावून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ तर गावाकडे सगळेच खेळलेत.

अकोल्याच्या पश्चिमेला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. 1646 मीटर उंचीचं कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, इथलंच. इथल्या खडकाळ उतारावर करवंदाला ना खत लागतं ना पाणी. काट्यांमुळे गुरं फारशी आत शिरत नाहीत, त्यामुळे करवंदीच्या जाळीच्या आडोशाला दुसऱ्या झाडांची रोपंही तग धरतात. फळं बुलबुलसारखे पक्षी खातात आणि बिया रानभर पसरवतात.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण म्हणजे वेळ. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा आणि पिकलेलं करवंद दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. लांबच्या बाजारात पाठवायचं तर वाटेतच रस सुटतो. त्यामुळे महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबातल्या बायका-मुलं काट्यांतून एकेक फळ तोडतात आणि रस्त्याच्या कडेला पानाच्या द्रोणात विकतात. संध्याकाळ झाली की पडेल त्या भावात द्यावं लागतं. पावसाळ्याआधीचे हे चार पैसे भाताचं बी घ्यायला किंवा मुलांच्या वह्या-पुस्तकांना उपयोगी पडतात.

याला उपाय आहे तो टिकाऊ पदार्थांचा. करवंदात पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे जॅम आणि जेली चांगली घट्ट होते. कच्च्या फळांचं लोणचं होतं, पिकलेल्यांचं सरबत होतं. हे काम गावातच झालं तर जास्तीचा पैसाही गावातच राहील.

दुसरी अडचण वणव्याची. ऐन फुलोऱ्यात किंवा फळ धरताना डोंगराला आग लागली की त्या जाळीचा वर्षाचा हंगाम गेला. अवकाळी पावसानेही मोहोर झडतो.

हक्क कुणाचा?

2006 च्या वनहक्क कायद्यानुसार, पात्र आदिवासी आणि पारंपरिक वननिवासींना परंपरेने गोळा होत आलेलं गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. म्हणजे डोंगरात आपोआप उगवलेलं करवंद ‘कुणाचंच नाही’ असं समजणं चूक आहे.

तुम्ही काय करू शकता?

मे अखेरीस काजवे बघायला भंडारदऱ्याला जाणार असाल, तर करवंदं रस्त्यावरच्या मावशींकडून विकत घ्या आणि फार घासाघीस करू नका. हौसेपोटी फांद्या मोडू नका. आणि वाळलेल्या गवतात शेकोटी किंवा पेटती सिगारेट टाकून तर अजिबात येऊ नका. एका ठिणगीत कुणाच्या तरी घरातली भाताच्या बियाण्याची सोय जळून जाऊ शकते.