बूनचं बिऱ्हाड

जॉर्ज कॅलेब बिंगहॅम या चित्रकाराने १८५१-५२ च्या सुमारास रंगवलेलं एक चित्र अमेरिकेत फार प्रसिद्ध आहे. कंबरलँड खिंडीतून वसाहतकऱ्यांचा तांडा येतो आहे. पुढे खांद्यावर बंदूक घेतलेला डॅनियल बून आणि त्याने लगाम धरलेल्या पांढऱ्या घोड्यावर शाल पांघरलेली त्याची बायको रिबेका. चित्र देखणं आहे, पण इतिहास म्हणून त्यावर विसंबू नये. १७७५ च्या मार्चमध्ये बूनने तीसेक कुऱ्हाडवाले घेऊन केंटकीची वाट तोडली, तेव्हा रिबेका मागे घरीच होती, गरोदर. त्या टोळीत बायका दोनच होत्या : बूनची १४ वर्षांची, नुकतंच लग्न झालेली मुलगी सुझॅना आणि एक गुलाम स्त्री. रिबेका केंटकीत पोचली ती त्या वर्षी उन्हाळा सरल्यावर, तान्ह्या विल्यमला मातीआड करून.

बूनची ख्याती रानात एकट्याने राहणारा माणूस अशी. प्रत्यक्षात हा गडी आयुष्यभर मोठ्या गोतावळ्यात वावरला. पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर पंथाच्या विणकर-लोहाराच्या ११ मुलांपैकी हा सहावा, जन्म १७३४ चा. थोरल्या भावाने पंथाबाहेरची मुलगी केली, त्यावरून वडिलांचं मंडळीशी बिनसलं आणि सगळं घरदार उठून उत्तर कॅरोलिनातल्या याडकिन नदीच्या खोऱ्यात आलं. शेजारी ब्रायन कुटुंब होतं. त्यांच्यातली रिबेका १७५६ मध्ये १७ व्या वर्षी बूनची बायको झाली. पुढच्या २५ वर्षांत तिला दहा मुलं झाली. शिवाय आईवेगळी झालेली माहेरची पोरं तिनेच वाढवली.

बूनला शेतीत रस नव्हता. पिकं निघाली की तो हरणांच्या मागे जाई आणि महिनोन्‌महिने परतत नसे. कातडी विकून व्यापाऱ्यांची देणी फेडायची, पुन्हा उधारीवर दारू-शिसं न्यायचं, असा तो धंदा. १७६९ मध्ये गेला तो दोन वर्षांनी परतला. त्या काळात नांगरट, गुरं, लहानसहान शिकार हे सारं रिबेकाच्या अंगावर होतं. त्याच्या एका दीर्घ गैरहजेरीत जन्मलेली जेमायमा ही त्याच्या भावाची मुलगी, अशी कुजबुज पुढे बरीच वर्षं चालली. तिला पुरावा नाही. पण नवरा इतका वेळ घराबाहेर असे की गावाला ती खपण्यासारखी वाटली, एवढं त्यातून नक्की कळतं.

त्या दोन वर्षांतही हाती काही लागलं नाही. शॉनी या तिथल्या आदिवासी लोकांनी त्याला पकडून साठवलेली सगळी कातडी काढून घेतली आणि ही शिकार आमची आहे, पुन्हा येऊ नका, असं बजावून सोडून दिलं. म्हणणं रास्त होतं. ॲपलाशियन पर्वतापलीकडे वसाहत करायला खुद्द इंग्लंडच्या राजानेच १७६३ मध्ये मनाई केली होती. १७६८ च्या करारात इरोक्वॉइ या दुसऱ्या आदिवासी लोकांनी ओहायोच्या दक्षिणेकडचा मुलूख लिहून दिला, पण तिथे शिकार करणाऱ्या शॉनींना कुणी विचारलंही नाही.

१७७३ मध्ये बून बायकामुलांसह निघाला तेव्हा या भांडणाची किंमत घराला मोजावी लागली. मागाहून पीठ-सामान घेऊन येणाऱ्या तुकडीत थोरला जेम्स होता, १६ वर्षांचा. पहाटे हल्ला झाला, जेम्स आणि त्याचा सोबती हाल होऊन मेले. ॲडम नावाच्या गुलामाने नदीकाठी लपून हे सगळं पाहिलं, आणि त्याच्यामुळेच ते पुढे कळलं. प्रेतं गुंडाळायला रिबेकाने तागाच्या चादरी पाठवल्या.

त्यानंतर दोनच वर्षांत ती पुन्हा त्याच वाटेने निघाली. हे तिने राजीखुशीने केलं की नाही, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. तिच्या एका कृतीवरून मात्र अंदाज करता येतो. १७७८ च्या फेब्रुवारीत मीठ काढायला गेलेल्या बूनला साथीदारांसह शॉनींनी पकडलं. शेकडो गॅलन खारं पाणी आटवावं तेव्हा कुठे पोतंभर मीठ मिळे, म्हणून ही माणसं आठवडेच्या आठवडे उघड्यावर होती. ब्लॅकफिश या नायकाने बूनला मुलगा मानून घरात घेतलं. इकडे रिबेकाने नवरा मेला असं धरलं, मुलं घोड्यांवर घातली आणि सरळ माहेर गाठलं. जूनमध्ये बून निसटून चार-पाच दिवसांत सुमारे १६० मैल तुडवत आला, तेव्हा घर रिकामं होतं. वाट पाहत थांबली होती ती एकटी जेमायमा. दोन वर्षांपूर्वी तिलाच मैत्रिणींसह होडीतून पळवलं होतं, आणि पोरींनी मोडलेल्या फांद्या व कपड्यांच्या चिंध्या यांवरून माग काढत बापाने तिला सोडवलं होतं. ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ या कादंबरीला याच प्रसंगाने खाद्य पुरवलं.

१७८२ च्या ऑगस्टमध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा इझ्रायल बापाच्या डोळ्यांदेखत पडला. एवढं मोजून जमीन तरी मिळावी! केंटकीत एकाच शेतावर कौलांसारखे एकावर एक दावे चढलेले होते. बून स्वतः मोजणीदार, पण त्याच्या नोंदी कच्च्या, कोर्टाचा कंटाळा, आणि देणी तुंबलेली. हजारो एकरांचे हक्क हातून गेले. या घरातही गुलाम होते, हे बूनच्या गौरवपर चरित्रांत सहसा येत नाही.

१७९९ मध्ये, वयाच्या पासष्टीच्या उंबरठ्यावर, तो स्पेनच्या ताब्यातल्या मिसूरीला गेला. तिथे मिळालेली जमीन, १८०३ च्या लुइझियाना खरेदीत तो मुलूख अमेरिकेकडे आल्यावर, कागदाअभावी गेली. १८१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ८५० एकर परत दिले, तेही त्याने केंटकीच्या सावकारांचं देणं भागवायला विकले. रिबेका आदल्याच वर्षी गेली होती. तो १८२० मध्ये धाकट्या नेथनच्या घरी वारला. १८४५ मध्ये दोघांचे अवशेष उकरून केंटकीला नेले. मिसूरीवाले अजून म्हणतात, चुकीची हाडं नेली.

घरातलं जे कळतं त्यातलं बरंचसं लायमन ड्रेपर या संग्राहकामुळे. १८५१ मध्ये तो नेथनच्या घरी राहून प्रश्न विचारत बसला. उत्तरं नेथनची, पण बायको ऑलिव्हही बोलत होती, आणि माझ्या मते तिच्या आठवणी जास्त ताज्या आहेत. मिसूरी नदी ओलांडताना नवरा वल्ही मारत होता. सुकाणू आणि शेजारून पोहणाऱ्या घोड्यांचे लगाम तिच्याकडे होते. लग्नाला काही आठवडेच झाले होते, वय १६.