वाटेत दुरुस्त होणारं घर

टेम्पो हा शब्द मराठीत सामान्यनाम झाला, त्याला साठेक वर्षं झाली असतील. मुळात ते एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचं नाव. नगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी 1958 साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली, हॅम्बुर्गकडच्या त्या तीनचाकी इथे बनू लागल्या, आणि बघता बघता भाजी, विटा, गणपती, लग्नातलं रुखवत वाहणारी कुठलीही गाडी टेम्पो झाली. 1969 साली मेटॅडोर आली, तिचंही तसंच झालं. 1987 साली मर्सिडीजच्या टी1 व्हॅनवर बेतलेली ट्रॅव्हलर आली. पुढे 2005 मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, तरी अष्टविनायकाला जायचं ठरलं की घरोघर 'ट्रॅव्हलर सांगितलीय का?' असंच विचारतात. या शब्दांच्या इतिहासाचा मोटरहोमशी थेट संबंध आहे. जे नाव गावागावातल्या माणसाच्या तोंडी बसतं, ती गाडी गावागावातल्या फिटरच्या हाताखालून गेलेली असते. शाळेची गाडी ट्रॅव्हलर, रुग्णवाहिका ट्रॅव्हलर, कंपनीच्या शिफ्टची ने-आण करणारी ट्रॅव्हलर. तिचे पाटे, ब्रेक-लायनर, फॅनबेल्ट, क्लचप्लेट तालुक्याच्या ठिकाणी मिळतात, आणि बदलणाऱ्याला पुस्तक उघडावं लागत नाही.

पुण्याच्या खराडीसारख्या ठिकाणी मोटरहोमची ओढ का वाटते हे समजण्यासारखं आहे. 1997 साली महापालिकेत आलेलं हे नदीकाठचं गाव इऑनसारख्या आयटी पार्कांमुळे पार बदललं. इथल्या अनेकांचं काम लॅपटॉपवर चालतं आणि नगर रस्ता दारातूनच जातो. वाघोली, रांजणगाव, शिरूर मागे टाकलं की मराठवाडा, विदर्भ आणि त्यापलीकडचा देश मोकळा. राज्य सरकारनेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा वेळी दहा-बारा वर्षं वापरलेली, ट्रॅव्हलरच्या चेसिसवर बांधलेली मोटरहोम विकत घ्यायची आणि ती वीजजोडणी, नळ, हॉटेल यांच्याविना चार-सहा दिवस राहता येईल अशी करायची, हा बेत शहाणपणाचाच आहे. पण तो पार पाडताना सरसकट एक चूक होते. पहिला खर्च सौर पॅनेल, लिथियम बॅटरी, मोठा इन्व्हर्टर यांवर होतो, आणि गाडीला 'स्वयंपूर्ण' म्हटलं जातं. माझं म्हणणं असं, की विजेपासूनचं स्वातंत्र्य बाजारात विकत मिळतं. मिस्त्रीपासूनचं मिळत नाही. मेळघाटातल्या रस्त्यावर गाडी बंद पडते तेव्हा छतावरचं पॅनेल उपयोगी पडत नाही, समोरच्या गावातल्या गॅरेजवाल्याला ती गाडी कळते का, एवढंच उरतं. जुन्या ट्रॅव्हलरकडे हा गुण आयता आहे, आणि कुठलीही सुधारणा करताना तो जपणं हीच पहिली कसोटी असली पाहिजे.

म्हणून सुरुवात छतापासून करावी, पण पॅनेल लावण्यासाठी नव्हे. जुन्या मोटरहोमचा खरा शत्रू पाणी. छतावरच्या झरोक्याची चौकट, दिव्यांच्या वायरी आत येतात ती भोकं, बाजूचा पत्रा आणि छत जिथे रिवेटने जोडलेत ती लांब शिवण, या तीन ठिकाणी जुनं सिलिकॉन आक्रसून सुटतं. पाणी आत आलं की ते तिथेच टपकत नाही. पन्हाळीसारख्या वळलेल्या पत्र्यातून ते वाहत जातं आणि दोन हात लांब, पलंगाखालच्या कोपऱ्यात प्लायवूडमध्ये मुरतं. वरून सनमायका चकचकीत असतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जमिनीच्या कडेकडेने दाबत जावं; जिथे ते बिस्किटात रुतावं तसं आत जातं, तिथलं प्लाय संपलेलं आहे, आणि त्याखालच्या क्रॉस-मेंबरला गंज चढला असण्याची शक्यता मोठी. गंजलेल्या भागावर पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे दुखणं झाकणं. तो पत्रा कापून नवा जोडायला हवा, आणि हे काम डेंटर-वेल्डरकडे आठवड्याचं असतं. छतावर आधी पॅनेल बसवून मग गळती शोधायची ठरवली तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं. पावसाळ्याआधी, मे महिन्यात पाइपाने तासभर छत भिजवून बघितलेली गाडीच पुढच्या कामाला घ्यावी.

दुसरं वजन. आत मंडळी हौसेने कपाटं वाढवतात, आणि 19 मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चार फुटी प्लायचं वजन पस्तीसेक किलो भरतं हे कुणी मोजत नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात घरगुती इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ठेवली तर आणखी पन्नास-साठ किलो. हे सगळं बहुधा मागच्या ॲक्सलच्याही मागे जातं. पाटे बसतात, स्टिअरिंग हलकं लागतं, आणि घाट उतरताना ब्रेक तापून सुटायला लागतात. टाक्या भरून, सामान चढवून, सगळी माणसं बसवून गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून मिळतो. तो कागद हातात आल्यावरच काय वाढवायचं हे ठरवावं. बहुतेक वेळा तो कागद काय कमी करायचं तेच सांगतो.

आता वीज. इथे सगळ्यांचा डोळा पॅनेलच्या वॉटवर असतो, आणि गडबड मात्र वायरमध्ये असते. जुन्या गाडीत राहण्याच्या भागाची बॅटरी मागे आणि अल्टरनेटर पुढे, मध्ये पाचेक मीटर अंतर. म्हणजे जाण्या-येण्याची दहा मीटर वायर. ती सहा चौरस मिलिमीटरची असेल आणि तिच्यातून तीस अँपिअर जात असतील, तर सुमारे 0.9 व्होल्ट वाटेतच खर्च होतात. अल्टरनेटर 14.4 देतो, बॅटरीला साडेतेरा पोचतात. शिसे-आम्लाची बॅटरी त्यावर पूर्ण कधीच चार्ज होत नाही, तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि दोन वर्षांत 'बॅटरीच खराब निघाली' असा निकाल लागतो. तीच वायर पंचवीस चौरस मिलिमीटरची घेतली तर घट 0.2 व्होल्टवर येते. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या कुठल्याही दुकानात ही तांब्याची केबल मिळते. तिच्या टोकाला पक्कडीने चेपलेलं थिंबल नको, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेलं हवं. हाताने ओढून फिरलं तर ते थिंबल खड्ड्यांच्या रस्त्यावर सैल होणार, तापणार आणि आग तिथूनच लागणार. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज हवा. एवढं झालं की अर्धी सुधारणा झाली, आणि तिच्यात अशी एकही वस्तू नाही जी बीडचा वायरमन ओळखत नाही.

लिथियमविरुद्ध हा युक्तिवाद आहे असं वाटेल. तसं नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर अँपिअर-अवरची बॅटरी बारा-तेरा किलोची. तिच्यातली जवळपास सगळी, म्हणजे सव्वा युनिट वीज वापरता येते, तर शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वापरावी लागते. वजनाचाच विचार केला तर ती घ्यायला हवी. आक्षेप वेगळा आहे: तिच्या आतल्या, तिला सांभाळणाऱ्या बीएमएस पाटीने हाय खाल्ली तर वाटेत ती कुणी उघडणार नाही. शिवाय शून्य अंशाखाली ती चार्ज करता येत नाही, म्हणजे स्पितीच्या पहाटे ती थांबते. उपाय बॅटरी टाळण्यात नसून पर्यायाला जागा ठेवण्यात आहे. मांडणी 12 व्होल्टचीच ठेवावी, चार्जर आणि सोलर कंट्रोलर शिशाच्या बॅटरीच्या सेटिंगवरही चालतील असे घ्यावेत, आणि बॅटरीची पेटी तालुक्यात मिळणारी ट्रकची बॅटरी मावेल एवढी, गाडीच्या आतल्या हवेपासून बंद आणि बाहेर हवा जाणारी करावी. लिथियम रुसली तर त्या संध्याकाळी शिशाची ठेवून दिवे आणि पंखा चालतो. अल्टरनेटर थेट लिथियमला जोडू नये. ती भुकेल्यासारखी करंट ओढते आणि अल्टरनेटर जळतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो.

मग एसीचं काय, हा प्रश्न येतोच, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये तो रास्त आहे. हिशेब मांडू. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला साधारण 600 वॉट-अवर खातो, दोन पंखे रात्रभर 400, लॅपटॉप सहा तास 360, दिवे-पंप मिळून शंभर. दीड युनिटच्या आत काम भागतं. छतावर सपाट ठेवलेल्या 400 वॉटच्या पॅनेलमधून कोरड्या दिवसांत सव्वा-दीड युनिट मिळतं. म्हणजे एक पॅनेल आणि रोजची तास-दोन तासांची ड्राइव्ह यांत संसार चालतो. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात चारेक युनिट घेतो. त्यासाठी तिप्पट पॅनेल, चौपट बॅटरी, तेवढं वजन, आणि कोकणातल्या जुलैत तेही पुरणार नाही. ज्यांना एसी हवाच त्यांनी तो बसवावा आणि जिथे प्लग मिळेल तिथे लावावा; पण त्याच्यासाठी अख्खी गाडी आखू नये. इंडक्शनचंही तेच: 1500 वॉटची शेगडी 12 व्होल्टवर एकशेचाळीस अँपिअरच्या आसपास ओढते. पाच किलोचा छोटा सिलिंडर पेट्रोलपंपावरही मिळतो, तो जास्त सोयीचा. त्याची पेटी मात्र बाहेरून उघडणारी आणि तळाला जाळी असलेली हवी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप इंजिनाबद्दलचा आहे. जुन्या ट्रॅव्हलरचं डिझेल इंजिन मर्सिडीजच्या ओएम 616 या घराण्यातलं, यांत्रिक पंपाचं. ते धूर जास्त सोडतं, हे खरं आहे, आणि एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्या त्या बाबतीत निर्विवाद चांगल्या आहेत. जो महिन्याला दोन-तीन हजार किलोमीटर फिरणार आहे त्याने नवीच घ्यावी, असं मी म्हणेन. पण वर्षातून दोन-तीन प्रवास करणाऱ्याच्या बाबतीत चित्र बदलतं. वर्षभर उभ्या असणाऱ्या नव्या गाडीच्या पोलाद-काच-प्लास्टिकचा खर्च निसर्गानेच केलेला असतो. आणि जुन्या इंजिनाचा धूर बऱ्याचदा नशिबाचा नसून आळसाचा असतो. पंप-नोझलवाल्याकडे कॅलिब्रेशन, टॅपेट सेटिंग, बुजलेला एअर फिल्टर, एवढ्याने फरक डोळ्यांना दिसतो. नाना पेठेत या इंजिनाचे भाग मिळतात. सेन्सर बिघडला म्हणून लॅपटॉप घेऊन येणाऱ्या माणसाची वाट दोन दिवस बघत बसावं लागत नाही.

एक सुटा भाग मात्र कुठल्याच पेठेत मिळत नाही, तो म्हणजे आरसी बुकातली नोंद. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते आणखी स्पष्ट केलं: उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत फेरफार चालणार नाही. त्यामुळे शाळेची जुनी बस घेऊन तिचं घर करण्याचा स्वस्त वाटणारा मार्ग बहुधा महाग पडतो. ज्या गाडीच्या नोंदणीत आधीच कॅम्पर व्हॅन आहे तिची किंमत त्या शब्दांमुळेच जास्त असते, आणि ती द्यावी. पंधरा वर्षं पूर्ण झाली की फेरनोंदणी आणि पर्यावरण कर येतो, तो हिशेबात धरून ठेवावा. विमा कंपनीला पॅनेल आणि बॅटरी लेखी कळवावी.

उरतो खराडीचाच प्रश्न: गाडी ठेवायची कुठे? इमारतींच्या पोडियम पार्किंगमध्ये एवढी उंच गाडी शिरत नाही, आणि रस्त्याकडेला उभी केली तर जिवंत माणसासारखी तीही आखडते. उंदीर वायरी कुरतडतात, ब्रेक चिकटतात, टायर एका जागी बसतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी इतके जुने टायर लांबच्या वाटेला घेऊ नयेत. वाघोलीकडे महिन्याच्या भाड्याने मोकळी जागा घेणाऱ्याने पंधरा दिवसांतून एकदा तिथे जाऊन गाडी इंजिन गरम होईपर्यंत चालवून आणावी. आणि शेवटचं काम फुकटचं आहे. सगळी वायरिंग एका कागदावर काढावी: कुठली वायर कुठून कुठे, कुठला फ्यूज किती अँपिअरचा, पाण्याचा पंप कुठल्या फळीखाली. मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत. तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून बॅटरीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा, म्हणजे यवतमाळच्या वायरमनने झाकण उघडलं की त्याला मालकाला उठवायची गरज पडणार नाही.