बाराशेच्या घड्याळाला बाराशेची दुरुस्ती?

‘घड्याळाएवढीच दुरुस्ती महाग, मग करायची कशाला?’ असं विचारणारा माणूस बहुधा उत्तरासाठी थांबत नाही. वडिलांचं एचएमटी ‘जनता’ ड्रॉवरमध्ये बंद पडून असतं, घड्याळजीने समजा बाराशे रुपये सांगितलेले असतात, आणि मोबाइलवर तसंच ‘जनता’ बाराशेलाच घरपोच मिळताना दिसतं. झाला हिशेब! आता याला वेडेपणा म्हणून मोकळं व्हायचं.

अहो, पण आधी बघा तरी की दोन्हीकडच्या बाराशेत काय काय येतं. घड्याळजी मशीन पूर्ण सुटं करतो, एकेक चाक धुतो, जागोजागी नवं तेल देतो, झिजलं-तुटलं काय ते सांगतो आणि वेळ लावून देतो. मोबाइलवरच्या जाहिरातीत ‘चालू आहे’ एवढंच असतं. मशीन शेवटचं कधी उघडलं होतं, हे अनेकदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कितीतरी वेळा डायल नव्याने रंगवलेली, काटे भलत्याच मॉडेलचे आणि मशीन दोन-तीन घड्याळांतून जुळवलेलं निघतं. अशा मालाला परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही. डायलवर भिंग धरा. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतात, एखादं अक्षर शेजारच्यापेक्षा जाड असतं. वर रंग असा भडक, की वडिलांनी तो कधी हातावर बांधलाच नसता. हे घड्याळ घेतलंत तरी आज ना उद्या त्याचं सर्व्हिसिंग करावंच लागणार. म्हणजे घरच्या घड्याळाचे बाराशे जोखायचे ते चोवीसशेंशी. आकडे गावागणिक आणि कारागिरागणिक बदलतील, हिशेबाची रीत हीच.

याच गैरसमजाचा धाकटा भाऊ म्हणजे ‘चालतंय ना, मग सर्व्हिसिंग कशाला?’ ‘जनता’चं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. आतलं तेल काही वर्षांत सुकतं, चिकट होतं, आणि धातूची बारीक धूळ त्यात मिसळली की तेच तेल पॉलिश पेपरसारखं आस घासू लागतं. घड्याळ चालत राहतं आणि रोज थोडं थोडं मरत असतं. आज धुण्यापुरता असलेला खर्च मग पार्ट बदलण्यावर जातो.

दुरुस्ती नको म्हणायची वेळही येते, पण ती किमतीवरून ठरत नाही. घरी एक साधी परीक्षा करता येते. किल्ली द्या, घड्याळ पाच-दहा मिनिटं डायल वर करून ठेवा, मग तेवढाच वेळ पालथं ठेवा. एका बाजूला चालून दुसऱ्या बाजूला थांबत असेल, तर बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, आसाचं टोक दुखावल्याची शंका घ्यावी. निव्वळ मळही असू शकतो, ते उघडल्यावरच कळतं. हलवल्यावर काही क्षण चालून थांबत असेल, तर बहुतेक वेळा सुकलेलं तेल आणि मळ. हे दुखणं स्वस्तातलं. किल्लीच्या भोकाशी तांबूस गंज दिसला, तर आत पाणी गेलं असणार. गंज चाकांपर्यंत पोहोचला असेल किंवा हेअरस्प्रिंगचा गुंता झाला असेल, तर मात्र हात आखडावा. डायलवर ‘पॅरा शॉक’ छापलेलं असलं म्हणून बॅलन्सचा आस अभंग होत नाही. ती धक्का सोसण्याची सोय आहे, फरशीवर आपटण्याचा परवाना नव्हे.

‘कंपनीच बंद झाली, आता पार्ट कुठून मिळणार?’ हेही कायम ऐकायला मिळतं. एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली, हे खरं. पण १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत सुरू झालेल्या या कारखान्याची घड्याळं कोट्यवधी हातांवर गेली, आणि ‘जनता’ काय, ‘पायलट’ काय, मशीन एकाच घराण्याचं. त्यामुळे पुण्याच्या जुन्या बाजारात मिळणारं एखादं मेलेलं एचएमटी तुमच्या घड्याळाला चाक देऊन जातं. खरी अडचण येते ती नाव न ऐकलेल्या कंपनीच्या घड्याळाची. ते कितीही देखणं असो, त्याच्या मशीनचं भावंड सापडेपर्यंत कारागीर हतबल. आत ज्वेलऐवजी धातूच्या खुंट्यांवर चालणारं पिन-लिव्हर मशीन असेल, तर भावनेचा प्रश्न नसल्यास ते सरळ सोडून द्यावं. ती मशीनं मुळातच स्वस्तात विकायला बनवलेली, आणि बरीच वापरली असतील तर आतून झिजलेलीही.

बाकीचे गैरसमज झटपट. ‘जास्त किल्ली दिली म्हणून बंद पडलं’: पूर्ण किल्ली भरूनही घड्याळ चालत नसेल, तर स्प्रिंगची ताकद पुढे पोहोचत नाहीये. किल्लीला बोल लावू नका, मशीन उघडा. ‘१७ ज्वेल, म्हणजे आत माणकं!’ आहेत, पण कृत्रिम. ऑग्युस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये त्यांची कृती जाहीर केली, आणि तेव्हापासून त्यांची किंमत किरकोळच आहे. त्यांचं काम घर्षण कमी करणं. ‘जुनं आहे, भाव चढणारच’: कोट्यवधींनी बनलेल्या वस्तूचा भाव नुसत्या वयाने चढत नाही, आणि डायल रंगवून घेतलीत तर उलट उतरतो. म्हणून सर्व्हिसिंगला देतानाच ‘डायलला हात लावू नका’ असं स्पष्ट सांगावं. ‘वॉटरप्रूफ लिहिलंय की!’ लिहिलं असेल तेव्हा असेल. आतलं रबर इतक्या वर्षांत कडक झालेलं असतं, त्यामुळे नळाखाली धरू नका.

‘चमकत नाही, म्हणजे रेडियम संपलं’ हा मात्र जपून घ्यायचा गैरसमज. साठीच्या दशकाआधीच्या कित्येक परदेशी घड्याळांच्या काट्यांवर खरंच रेडियम असे. संपतं ते त्यात मिसळलेलं चमकणारं रसायन. रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १,६०० वर्षं लागतात. काटे घरी खरवडू नका, त्यांची भुकटी श्वासाबरोबर आत जाणं सगळ्यात वाईट. असं घड्याळ दुरुस्तीला नेलंत, तर मागचं झाकण उघडण्याआधीच घड्याळजीच्या कानावर ही गोष्ट घाला.